उमाटे सरांचा अ‍ॅव्हरेज

उमाटे सरांनी एकदा माझ्या डब्याचं वजन केलं होतं. थट्टा नाही, खरोखरचं. शाळेच्या प्रयोगशाळेतल्या तराजूच्या एका पारड्यात माझा तीन पुडांचा स्टीलचा डबा ठेवला, दुसऱ्यात वजनं, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "मॅडम, भाजी-पोळी चारशे ग्राम अन् डबा नऊशे ग्राम. हा डबा आहे का तिजोरी?"

मी चिडले. मी मुळातच पटकन चिडणारी बाई आहे. त्यात पहाटे उठून केलेल्या वांग्याच्या भाजीचा कोणी असा पाणउतारा केला तर का चिडू नये? मी म्हटलं, "सर, तुमच्या गाडीत बसते म्हणून आता जेवूही नको का?"

"जेवा ना जी," सर शांतपणे म्हणाले, "पण प्लास्टिकच्या डब्यात जेवा."

मी तेव्हा देवळीच्या एका शाळेत मराठी शिकवायची. उमाटे सर विज्ञान शिकवायचे आणि ढगे सर पीटी घ्यायचे. तिघंही राहायला वर्ध्याला लागूनच्या बोरगाव मेघेत. बस कधी भरून यायची, कधी थांबायचीच नाही, म्हणून सरांनी आम्हा दोघांना आपल्या गाडीतून न्यायला सुरुवात केली. चार वर्षं आम्ही तिघं सोबत गेलो-आलो. पेट्रोलचे पैसे सर घेत नसत. त्याऐवजी शिस्त घेत, आणि खरं सांगते, पैसे परवडले असते.

गाडी जुनी, छोटी, पांढरी. दोन मालकांनी वापरून झाल्यावर सरांकडे आली. आली तेव्हा लिटरला अकरा किलोमीटर द्यायची. सरांनी ती अठरावर आणली, एखाद्या महिन्यात एकोणीसवरही. लोक पोरांचे मार्क सांगतात तसे सर हा आकडा सांगायचे, आणि समोरच्यानं "वा!" म्हटल्याशिवाय पुढं जाऊ द्यायचे नाहीत. आता आमच्या नव्या गाडीत हा आकडा समोरच्या काचेखाली आपोआप दिसतो. नवऱ्याला त्याचं काहीच वाटत नाही. मला मात्र दर वेळी वाटतं, या एका आकड्यासाठी उमाटे सरांनी आमचा किती जीव खाल्ला होता!

त्यात जादू काही नव्हती. नुसता चिवटपणा होता. सोमवारी सकाळी, चाकं थंड असताना, हवा. दर रविवारी एकेक चाक जॅकवर उचलून हातानं फिरवून बघायचं, ब्रेक घासतो की काय. क्लचवर पाय ठेवून चालवणाऱ्याला सर "रिकामा तवा तापवणारा" म्हणत. एसी शोभेला. कापसाचा हंगाम आला की जिनिंगच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या गाड्यांमधून रस्ताभर कापूस उडतो, तो हवेच्या फिल्टरमध्ये जाऊन बसतो. तेव्हा तर सर फिल्टर ओट्यावर आपटत बसलेले रोज दिसायचे. त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, दारातून म्हणायच्या, "निघाला का कापूस? द्या इकडं, देवापाशी वाती लावते. तुमची भक्ती तेवढीच!" आणि सर हसायचे. वहिनींसमोर ते फार मोकळं हसायचे.

अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त उभं राहायचं असेल तर चावी बंद, हा त्यांचा सगळ्यात कडक नियम. मी फाटकातून निघताना सासूबाईंनी मागून हाक मारली की सर आधी इंजिन बंद करत, मग म्हणत, "बोला आता. फुकट जळून राह्यलं होतं." आमच्या सासूबाईंना तो अपमान वाटायचा. पुढंपुढं त्यांनी हाक मारणंच सोडलं.

आणि चाल! पंचेचाळीस. रस्ता मोकळा असो की भरलेला, सरांचा काटा पंचेचाळीसवर. कापसाच्या बैलबंड्या सोडल्या तर आम्ही चार वर्षांत कोणालाही मागं टाकलं नाही. एकदा वरातीच्या ट्रॅक्टरनं आम्हाला ओव्हरटेक केलं, वर नाचणाऱ्या पोट्ट्यांनी आम्हाला हात दाखवले. ढगे सर मागच्या सीटवरून म्हणाले, "सर, उतरून ढकलू का?" ढगे सरांच्या आकारामुळे मागची सीट एकट्या त्यांनाच पुरायची, म्हणून मी नेहमी पुढं. सरांनी त्यांनाही सोडलं नव्हतं. "ढगे, तुमचं वजन पाच किलो उतरलं तं गाडी दुवा देईन तुमाले," हे आठवड्यातून एकदा तरी व्हायचं.

पंपावर आम्हाला फार लाज वाटायची. सर टाकी काठोकाठ भरत, मग पुन्हा रिकामी होत आली की तशीच भरत, आणि मधल्या किलोमीटरला भागत. त्यासाठी पंप तोच, यंत्र तेच, गाडी उभी करायची जागाही तीच हवी. जमिनीला उतार असतो, गाडी तिरकी झाली की टाकीत कमी-जास्त मावतं, हे त्यांचं म्हणणं. एकदा त्या जागेवर दुसऱ्याची गाडी उभी होती, तर आम्ही पंधरा मिनिटं उन्हात थांबलो. शेजारचं यंत्र मोकळं होतं, हो! यंत्र आपोआप थांबलं की भरणारा माणूस सवयीनं विचारायचा, "सर, राउंड फिगर करू का?" की सर भडकलेच. "अरे बाबू, तुह्या राउंड फिगरनं माही महिन्याची मेहनत पाण्यात जाते!"

ढगे सरांनी एकदा कुठल्याशा प्रदर्शनातून एक चुंबक आणलं. पेट्रोलच्या नळीवर बसवा, अ‍ॅव्हरेज दीडपट, असं विकणाऱ्यानं सांगितलं होतं. मला वाटलं सर हसतील. ते हसले नाहीत. एक महिना चुंबक लावून चालवली, एक महिना काढून. दोन्ही आकडे वहीत लिहिले आणि वही घेऊन सरळ आठवीच्या वर्गात गेले. मी शेजारच्या वर्गात होते, मला भिंतीपलीकडून स्पष्ट ऐकू आलं. "पोट्टेहो, फरक शून्य. मले फरक पायजे होता, लय पायजे होता. पण जे झालं थे लिहायचं, जे पायजे होतं थे नाई." त्या चुंबकानं मग आमचं वेळापत्रक स्टाफरूमच्या कपाटाला कायमचं चिकटवलं.

दोन वर्षं अशी हसतखेळत गेली, आणि मग वहिनी गेल्या.

सरांना एकच मुलगी, पल्लवी. तिचं सासर पुलगावला. चार दिवस माहेरपणाला आली होती. शनिवारी सकाळी वहिनींच्या पोटात आणि छातीत असह्य कळा सुरू झाल्या. सरांनी त्यांना गाडीत पुढं बसवलं, पल्लवी मागं बसली आणि शहराच्या पलीकडल्या दवाखान्यात निघाले. रस्ता तेव्हा खोदून ठेवलेला. दवाखान्यात पोचले आणि अर्ध्या तासात वहिनी गेल्या. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणलं असतं तरी काही सांगता आलं नसतं. पण पल्लवीच्या डोक्यात एकच बसलं होतं. तिसऱ्या दिवशी घर माणसांनी भरलेलं असताना ती वडिलांकडे बघून म्हणाली, "मी मागून ओरडून राह्यली होती, बाबा, जोरात चालवा, जोरात चालवा. तुमचा काटा वर गेला नाई. तुमचा अ‍ॅव्हरेज वाचला, माही आई नाई वाचली."

  खोटं कशाला सांगू, मीही मनात म्हटलं, बरोबर बोलली पोरगी. तेरवी झाली, पल्लवी पुलगावला गेली आणि तिनं वडिलांशी बोलणं टाकलं.

मला वाटलं होतं, आता सर ते सगळं सोडतील. उलट झालं. ते जास्तच करायला लागले. गाडीतून पायपुसणी काढली, मागच्या काचेखालची फळी काढली, माझ्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे शाळेतच ठेवायला लावले. बोलणं कमी झालं, हसणं संपलं. मी पुढच्या सीटवर बसायची, म्हणजे वहिनी शेवटच्या बसल्या त्याच जागेवर, आणि मला अवघडल्यासारखं व्हायचं. पण मागं जायला जागा नव्हती, आणि सरांना तसं सांगायची हिंमतही नव्हती.

दीड वर्षानं एका दुपारी, शाळेतून परत येताना, रस्त्यात गाडी पंक्चर झाली. ढगे सर स्टेपनी काढायला मागं गेले आणि डिक्की उघडून ओरडले, "अरे बापरे! मॅडम, इकडं या जरा!"

स्टेपनीवर पोतं होतं. पोत्याखाली दगडी पाटा आणि त्याचा वरवंटा. वीस किलो तरी भरेल असा काळा, जुन्या घडणीचा, छिन्नीनं नव्यानं टोचून घेतलेला पाटा.

माझं डोकंच फिरलं. भर रस्त्यात मी तोंड सोडलं. "वा सर, वा! माझा नऊशे ग्रामचा डबा तुम्हाला जड झाला! पोरांचे पेपर मी शाळेत ठेवते, थंडीत स्वेटर काढून ठेवायचा का तेही विचारते! अन् तुम्ही दगड घेऊन फिरता? कोणाची मस्करी करून राह्यले तुम्ही?"

सर खाली बसून चाकाचे नट ढिले करत होते. उठलेच नाहीत. नट फिरवतच म्हणाले, "पल्लवीचा आहे."

मग तिथंच, पाना हातात धरून, त्यांनी सांगितलं. पाटा वहिनींच्या आईचा. पल्लवीच्या बारशात याच वरवंट्याला टोपडं घालून आधी पाळण्यात निजवलं होतं, दगडासारखं आयुष्य मिळो म्हणून, आणि मग पल्लवीला. तिला तो द्यायचा म्हणून वहिनींनी टोचून आणला. बसमधून दगड कसा नेणार? रविवारी दोघं मिळून गाडीनं तिला सासरी सोडू आणि पाटाही देऊ, असं ठरलं. शुक्रवारी संध्याकाळी डिक्कीत ठेवला. शनिवारी ते सगळं झालं.

"मग घरात काढून ठेवा ना सर," मी म्हटलं. माझा आवाज आपोआप खाली आला होता.

"घरात नेला तं तो घरचा होऊन जाईन ना, मॅडम. तिचा राहणार नाई. रोज सकाळी निघतो तं तिच्याकडंच निघतो. देवळीत शाळा येते, थांबतो." पुलगावचा रस्ता देवळीवरूनच पुढं जातो.

"अन् त्या दिवशी..." मी विचारलं. कसं विचारलं कोण जाणे. "त्या दिवशी काऊन नाही चालवली जोरात?"

सरांनी पुन्हा नटाला पाना लावला. "तिचा हात माह्या गियरवरच्या हातावर होता. गाडी खड्ड्यात गेली का दाबे. मले वाटलं, हळू म्हणून राह्यली. म्हून मी अजून हळू केली. मागून पोरगी ओरडे, पण तिले हात दिसत नव्हता." त्यांनी पाना खाली ठेवला. "पण थो हात हळू म्हणत होता का जल्दी म्हणत होता, मले अजून समजलं नाई. समजत नाई तं मी पोरीले काय सांगू? बहाना करून राह्यला म्हणन बाप."

ढगे सरांनी पोतं पुन्हा पाट्यावर नीट घातलं.  त्या दिवसापासून मी प्लास्टिकचा डबा न्यायला लागले.

पुढं पल्लवीला मुलगी झाल्याचं सरांना बाहेरूनच कळलं. त्या दिवशी त्यांनी चाकांतली हवा दोनदा तपासली, एवढंच.

मग तो शनिवार. सकाळची शाळा सुटली होती, आम्ही तिघं गाडीत बसलो होतो, आणि सरांचा फोन वाजला. त्यांच्या फोनचा आवाज असा की सगळ्या गाडीला ऐकू यायचं. पल्लवीचा नवरा बोलत होता. "बाबा, आज बारसं आहे. पल्लवी सांगू नका म्हणे, म्हून सांगितलं नाई. पण शेजारचा वरवंटा आणला तं थे पाहून रडून राह्यली. माह्या आईचाच पायजे म्हणते. आहे का तुमच्यापाशी? बाराच्या आत पाळण्यात घालायचं आहे."

"आहे," सर म्हणाले. "आणतो."

बाराला पंचवीस मिनिटं होती. सरांच्या चालीनं पुलगाव अर्ध्या तासाच्या वर.

सर उतरले, वरवंटा काढला, आपल्या गळ्यातल्या दुपट्ट्यात गुंडाळला आणि ढगे सरांच्या मांडीवर ठेवला. "डिक्कीत गडगडन. धरून ठेवजा." आम्हाला उतरा म्हणायचंही त्यांना सुचलं नाही, आणि आम्हीही उतरलो नाही. शाळेच्या फाटकातून निघून रोज वर्ध्याकडे वळणारी गाडी पुलगावकडे वळली.

त्या गाडीला आवाज आहे हे मला त्या दिवशी समजलं. काटा पंचेचाळीसवर आला, क्षणभर सवयीनं थांबला आणि पुढं गेला. साठ. सत्तर. दारं खडखडायला लागली, समोरचा कप्पा आपोआप उघडला आणि सरांची अ‍ॅव्हरेजची वही माझ्या पायात पडली. ऐंशी! आम्ही मोटारसायकली मागं टाकल्या, एक ट्रक मागं टाकला, आणि ज्या बसनं आमच्यासाठी कधी ब्रेक मारला नाही ती बससुद्धा मागं टाकली. मागून ढगे सर ओरडले, "सर, सांभाळून जी! लेकरू आहे माह्या मांडीवर!" मी देवाचं नाव घेत होते आणि हसतही होते. सर हसत नव्हते. ते पुढं वाकून चालवत होते आणि त्यांचा डावा हात गियरवर घट्ट होता.

पोचलो तेव्हा बाराला पाच मिनिटं कमी. अंगणात चपलांचा ढीग, आत बायकांचा गलका. पल्लवी बाळाला घेऊन दारात आली. सर वरवंटा छातीशी धरून पायरीखाली उभे. दोन वर्षांनी बापलेक समोरासमोर आले आणि पोरगी पहिलं काय बोलली तर, "फोन तं आत्ताच केला. इतक्या लवकर कसे आले तुमी?"

"जोरात आणली," सर म्हणाले. "ऐंशीनं."

पल्लवीचा चेहरा बदलला. "तेव्हा नाई आणली, बाबा."

"नाई आणली." जे झालं तेच सांगितलं. सर पुढं म्हणाले, "तुही आई माहा हात दाबून राह्यली होती. दर खड्ड्याले. मले वाटलं हळू म्हणते. जल्दी म्हणत असन, तं माही चूक झाली, बेटा."

आतून कोणी तरी हाक मारली, "अवं पल्लवी, बारा वाजून राह्यले!" पल्लवी हलली नाही. ती वडिलांच्या हाताकडे बघत होती.

"मले माहीत नव्हतं तिनं तुमचा हात धरला होता," ती म्हणाली. "दवाखान्यात सुई टोचली तेव्हा माहाही असाच दाबला. हळू नाई म्हणत होती, बाबा, जल्दीही नाई म्हणत होती. दुखून राह्यलं होतं तिले, म्हून धरला हात. दुसरं काही नाई." आणि ती रडायला लागली. सरांनी एका हातात वरवंटा धरून दुसरा हात तिच्या डोक्यावर ठेवला. मलाही रडू आलं, का लपवू? ढगे सर तर केव्हाचे रडत होते.

बारसं बाराच्या आत झालं की नाही, कोणी घड्याळ पाहिलं नाही. वरवंट्याला टोपडं घातलं, बायकांनी त्याला पाळण्यात निजवलं, मग बाळाला. नाव त्विषा ठेवलं. सरांना ते म्हणताच येईना, ते तिशा-तिशा करत राहिले. पाटा ढगे सरांनी एकट्यानं उचलून स्वयंपाकघरात नेला आणि त्यासाठी दोन वाट्या जास्तीचा शिरा वसूल केला.

त्याच उन्हाळ्यात माझी बदली झाली, म्हणून सर मला आठवतात ते जास्त करून त्या दिवशी निघतानाचे. आम्ही गाडीत बसलो. सरांनी गाडी सुरू केली. पल्लवी खिडकीशी आली, काचेवर हात ठेवून म्हणाली, "बाबा, हळू जाजा."

सरांनी मान हलवली. मग पल्लवीला काही तरी आठवलं. बाळाला रात्री झोप येत नाही. आईच्या दोन जुन्या साड्या पाहिजेत, दुपट्यासाठी. रविवारी येता का? येताना ओट्याजवळचा कढीपत्ता आणा. ती बोलत होती आणि सर ऐकत होते. ढगे सरांनी मागून माझ्या खांद्याला बोट लावून चावीकडे दाखवलं. पाच मिनिटं झाली असतील, दहाही असतील. गाडी उभी होती, इंजिन चालू होतं, पेट्रोल जळत होतं, आणि उमाटे सरांचा हात चावीकडे गेला नाही.